चावी कुठंय, बॉस?

आधी एक छोटीशी क्विझ. गुगल करायचं नाही, घरी फोन लावायचा नाही.

गाडीची दुसरी चावी कुठे आहे? घरी, आईच्या कपाटात. सही! चाकात हवा किती भरायची? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय. क्या बात है! आता शेवटचा प्रश्न, दहा मार्कांचा. तुमच्या अलॉय व्हीलच्या लॉक नटची चावी या क्षणी कुठे आहे?

बघा, आला ना चेहऱ्यावर तो अप्रेझलच्या मीटिंगमधला ब्लँक लूक? हाच प्रश्न उद्या लंचला डबा उघडता उघडता टेबलावर टाकून बघा. काही जण विचारतील, "म्हणजे काय असतं ते?" उरलेले म्हणतील, "असेल की गाडीतच." आजचा कॉलम या "असेल की गाडीतच"वर आहे. कारण हे वाक्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये म्हणणं वेगळं आणि आंबेनळी घाटात, भर धुक्यात, टायर फाटल्यावर म्हणणं वेगळं.

हे प्रकरण आहे तरी काय?

अलॉय व्हील्स दिसायला एकदम झक्कास. म्हणूनच ती चोरांनाही आवडतात. सकाळी ऑफिसला निघावं आणि गाडी चाकांऐवजी विटांवर उभी दिसावी, अशी बातमी अधूनमधून आपण वाचतोच. साधे नट खोलायला लागतं काय? एक पाना आणि थोडा जोर. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाच्या चार-पाच नटांपैकी एक नट वेगळा बसवतात. त्याचं डोकं षटकोनी नसतं. ते गोल, गुळगुळीत असतं आणि त्यावर फुलाच्या पाकळ्यांसारखी किंवा वेड्यावाकड्या वळणांची खाच असते. त्या खाचेत बरोब्बर बसेल असा अंगठ्याएवढा एक लोखंडी तुकडा गाडीसोबत मिळतो. त्याचं एक तोंड नटात बसतं, दुसऱ्या तोंडाला नेहमीचा व्हील पाना लागतो. हा तुकडा म्हणजे चावी. चाकं चार, लॉक नट चार, चावी मात्र एकच.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून ठेवते, पुढे लागेल. मारुती, ह्युंदाई, टोयोटा अशा गाड्यांमध्ये हबमधून बाहेर आलेल्या स्टडवर नट बसतो. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांमध्ये नट नसतो, थेट बोल्टच हबमध्ये आत जातो. कुलपाचा फंडा दोन्हीकडे सारखाच. पण काढताना आटे गेले, तर स्टड बदलता येतो. बोल्टवाल्या गाडीत हबचेच आटे जाऊ शकतात आणि मग खर्चाची उडी मोठी असते.

चावी हरवते कशी? बहुतेक वेळा आपल्या हातून नाही. टायर रोटेशन होतं, अलाइनमेंट होतं, नवे टायर बसतात. काम करणारा मुलगा चावी गनच्या गोटीत बसवतो, चारही चाकं खोलतो, लावतो आणि ती चावी त्या गोटीतच राहून जाते. पुढची गाडी येते, गोटी बदलते आणि चावी वर्कबेंचवरच्या नट-बोल्टांच्या डब्यात विलीन होते. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर प्रश्नच मिटला. आधीच्या मालकाने पेपर्स दिले, म्युझिक सिस्टिमचा रिमोट दिला, मॅट्स दिल्या. या चावीची आठवण त्यालाही नव्हती आणि आपल्यालाही नव्हती.

आणि खरी गोची अशी की, हरवली त्या दिवशी हे कळत नाही. कळतं ते पुढच्या पंक्चरला. तोपर्यंत कुणी कुठे ठेवली होती, हे ब्रह्मदेवालाही आठवत नसतं.

कुलूप म्हणजे वेळ

या कुलपाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. लॉक नट कधीच उघडता येत नाही, असं काही नाही. हाताशी योग्य हत्यार असलेला माणूस तो चावीशिवाय काढतो. टायरवाला काढतो, तसा चोरही काढतो. मग हे कुलूप आपल्याला नेमकं देतं काय? वेळ. फक्त वेळ. एका चाकाला लागणारा वेळ वाढला आणि ठोकाठोकीचा आवाज झाला, की चोराला शेजारची साधे नटवाली गाडी जास्त आवडायला लागते.

म्हणजे शहरातल्या पार्किंगमध्ये वेळ आपल्या बाजूने असतो. घाटात त्याच्या बरोब्बर उलटं होतं. तिथे प्रत्येक मिनिट आपल्या विरुद्ध असतं. उजेड कमी होतो, धुकं उतरतं, मागून वळणावर एसटी येते. चोरासाठी लावलेलं कुलूप तिथे मालकालाच रोखून धरतं. लॉक नट चांगला की वाईट, या वादात म्हणूनच फारसा दम नाही. तुम्ही कुठे आहात आणि चावी कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

रायगड ते प्रतापगड, व्हाया आंबेनळी

आंबेनळीच का? कारण सध्या तो आपल्या सगळ्यांच्या वीकेंड लिस्टवर आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात महाड तालुक्यातला रायगड आहे आणि सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. या दोन्ही किल्ल्यांचा एकाच वीकेंडचा प्लॅन करायचा तर रस्ता सरळ आहे. महाडहून मुंबई-गोवा हायवेने पोलादपूर, तिथून डावीकडे वळून आंबेनळी घाट, वर प्रतापगडाचा फाटा आणि पुढे महाबळेश्वर. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे 40 किलोमीटर. कागदावर तासाभराचं काम. पण पोलादपूर खाली कोकणात आणि महाबळेश्वर 1,300 मीटरच्याही वर. ही सगळी चढण वळणावळणाने चढायची असते.

हा मुलूखच मुळी कुलपासारखा आहे. हे जावळीचं खोरं. 1656 साली महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला आणि 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखानाला मैदान सोडून याच डोंगरात यावं लागलं. डोंगर, दऱ्या, रान, अरुंद वाटा. ज्याला वाटा माहीत, त्याच्यासाठी हे घर. ज्याला माहीत नाहीत, त्याच्यासाठी सापळा. आपण एसी लावून, प्लेलिस्ट लावून जातो म्हणून भूगोल बदलत नाही.

आणि हा घाट चेष्टेचा नाही. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी सहलीला महाबळेश्वरला निघाली होती. त्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. 30 जण गेले, एकच वाचला. 22 जुलै 2021 च्या त्या भयानक पावसात इथे दरडी आल्या, रस्ता खचला आणि घाट बंद पडला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. इथे बंद गाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहणं म्हणजे नुसता वैताग नाही, धोका आहे. तो जितका लवकर संपेल तितकं बरं, एवढंच सांगायचंय.

"ती नाय हो, ह्या नटाची!"

आता समजा. जुलैमधला रविवार, दुपारचे चार. गाडीत चार जण, डिकीत ओले बूट. समोरून एसटी आली म्हणून तुम्ही गाडी डावीकडे घेतली. डांबर संपलं, कडेचा धारदार दगड टायरच्या बगलेला घासला आणि फस्स्स. अलॉय मोठं आणि टायर बुटका असेल तर बगल आणखीच कमी उंचीची. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

नशीब चांगलं म्हणून वरून एक पिकअपवाला थांबतो आणि अर्ध्या तासाने एका टायरवाल्याला घेऊन येतो. पुढचा संवाद साधारण असा होतो.

"साहेब, याची चावी द्या."

"दादा, चावी गाडीलाच आहे की."

"ती नाय हो, ह्या नटाची!"

मग डिकी रिकामी होते. बूट, सॅक, छत्र्या, आईने दिलेला लाडवांचा डबा, सगळं रस्त्यावर. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे. चार नट सैल झाले आहेत. पाचवा तुमच्याकडे बघून हसतोय.

शोधायची कुठे?

काहीही ठोकण्याआधी नीट शोधा. पंधरा मिनिटं शोधणं हे दोन तास ठोकण्यापेक्षा स्वस्त. स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खोबणीत हात घाला. टूलकिटचा थर्माकोल पूर्ण बाहेर काढा, त्याच्या मागच्या कप्प्यातही बघा. ग्लोव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, सीटखाली, आर्मरेस्टच्या पोटात. चावी बऱ्याचदा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डबीत असते, त्यामुळे फालतू सामान समजून बाजूला सारली जाते. मॅन्युअलच्या पाकिटात एक छोटं कार्ड सापडतंय का बघा. चावीचा कोड नंबर त्यावर असू शकतो. तो नंबर सापडला तर चावी हरवली तरी अर्धी लढाई जिंकली, कारण कोडवरून डुप्लिकेट मागवता येते.

शेवटचं काम चाकाला कुणी हात लावला होता, तिथे फोन करा. भांडायला नको. "दादा, गोटीत एखादी चावी अडकून राहिलीय का, जरा बघता?" एवढंच विचारा. चावी बऱ्याचदा तिथेच असते.

चावी नाहीच सापडली तर

इथून पुढचं काम शहरात, सपाट जागेवर, वेळ असताना करायचं. क्रम महत्त्वाचा आहे. सोप्यापासून अवघडाकडे, कमी नुकसानीपासून जास्त नुकसानीकडे.

पहिला उपाय, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. लॉक नटांच्या नक्ष्या अगणित नसतात. एका कंपनीच्या गाड्यांना ठराविकच वापरतात आणि त्या सगळ्या चाव्यांचा मास्टर सेट वर्कशॉपकडे असू शकतो. आधी फोन करून सेट आहे का विचारा, मगच जा. एकेक चावी लावून बघतात, बसली की काम झालं. नट शाबूत, रिम शाबूत, डोक्याला शॉट नाही.

दुसरा उपाय, कोडवरून नवी चावी. थांबावं लागतं, पण घाई नसेल तर सगळ्यात सभ्य मार्ग हाच.

तिसरा उपाय, एक्स्ट्रॅक्टर. ही एक खास गोटी असते, आतून उलट्या आट्यांची धार असलेली. नटावर ठोकून बसवली आणि नट सोडवायच्या दिशेने फिरवली, की धार नटात आणखी रुतत जाते. जितका जोर, तितकी पकड. नट मरतो, रिम वाचते.

चौथा उपाय, आपल्या टायरवाल्यांचा लाडका. नटाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, बारा कोनांची जुनी गोटी घ्यायची आणि हातोड्याने ठोकून नटावर घट्ट बसवायची. गोटीचे कोन नटाच्या कडेत रुततात. मग लांब दांडा लावून, झटके न देता, सलग जोर लावत उलटं फिरवायचं. इथे एक युक्ती आहे. लॉक नट सोडवण्याआधी बाकीचे नट पुन्हा बेताने आवळून घेतले, तर चाकाचा ताण त्यांच्यावर जातो आणि कुलूपवाला थोडा मोकळा होतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. नट निघाल्यावर गोटीतच अडकून बसतो, तो मागून पंच घालून ठोकून काढावा लागतो. म्हणून गोटी जुनीच वापरायची. नवा कोरा सेट घेऊन हा प्रयोग करू नका.

पण काही लॉक नटांवर बाहेरून एक सैल कडं असतं. ते नुसतंच गोल फिरतं. त्यावर ठोकलेली गोटीही नुसती गोल फिरते आणि आपण कोल्हूचा बैल होतो. असा नट दिसला की हातोडा खाली ठेवायचा आणि ज्याच्याकडे त्यासाठीची हत्यारं आहेत, त्याच्याकडे जायचं.

पाचवा आणि शेवटचा उपाय, ड्रिल. नट मुद्दाम कडक पोलादाचा केलेला असतो. साधं बिट त्यावर नाचतं आणि बोथट होतं. चांगली बिट्स, तेल, संयम आणि सरळ हात असलेला मेकॅनिक, हे चारही असतील तरच या वाटेला जायचं. हात जरा तिरका गेला की रिमचं भोक मोठं होतं किंवा स्टड जातो.

वेल्डिंग? अजिबात नाही!

"साहेब, नटावर दुसरा नट वेल्ड करतो, दोन मिनिटांत निघेल." हे वाक्य तुम्ही ऐकाल. ते काही वेळा खरंही ठरतं. तरी चाक गाडीवर आणि टायर रिमवर असताना नाही म्हणा. रिम तापली की टायरच्या आतला रबर तापतो, आत दाब वाढतो आणि टायर स्फोटासारखा फुटू शकतो. अशा फुटण्याने माणसं मरतात. हवा सोडली म्हणजे धोका संपला, असंही नाही. शिवाय वेल्डिंगचा करंट बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्समधून गेला तर बिल वेगळंच. गॅसची ज्योत मारून नट तापवणं हाही त्याच जातीचा प्रकार. छन्नीने ठोकत नट फिरवण्याचा जुना उद्योग माणूस मारत नाही, पण अलॉय मारतो. छन्नी एकदा सटकली की कुलपाने वाचवलेलं चाक आपणच भंगारात काढलेलं असतं.

आणि गन. लॉक नटावर इम्पॅक्ट गन चालवू नये. ही चावी गनच्या झटक्यांसाठी बनलेलीच नसते. तिच्या बारीक कडा तुटतात आणि मग चावी हातात असूनही हरवल्यासारखीच. पहिली ढील हाताने द्यायची, शेवटचं आवळणंही हाताने. टायरवाल्याला हे सांगायला लाजू नका. "दादा, लॉक नटला गन नको हां, पान्यानेच करा." चांगला कारागीर यावर चिडत नाही.

घाटात काय करायचं?

आता परत त्या चार वाजताच्या आंबेनळीत. तिथे वरच्या यादीतलं जवळपास काहीच करता येत नाही. मग?

सगळ्यात आधी जागा. वळणावर, अरुंद ठिकाणी किंवा दरड सुटलेल्या भागाखाली थांबला असाल, तर चालण्याच्या वेगाने गाडी पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत न्या. टायर आधीच गेलाय. रिमला ओरखडे येतील. येऊ देत. रिम विकत मिळते. मग हॅझर्ड लाइट, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण, मंडळी गाडीबाहेर आणि रस्त्यापासून लांब. गाडीच्या मागे उभं राहून सेल्फी नाही.

मग टायर नीट बघा. भोक जमिनीला टेकणाऱ्या भागात आहे की बगलेत? इथे एक चांगली बातमी. ट्यूबलेस टायरच्या जमिनीकडच्या भागातलं खिळ्याचं पंक्चर चाक न काढताही निघतं. खिळा उपटायचा, भोक साफ करायचं, रबराची वात घुसवायची, हवा भरायची. लॉक नटाला हात लावायची गरजच नाही. पंक्चर किट आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवा पंप डिकीत असेल, तर हे तुम्हीही करू शकता. पण बगल फाटली असेल तर वात टिकत नाही, बाटलीतलं सीलंटही टिकत नाही. तिथे चाक बदलणं किंवा गाडी उचलून नेणं, एवढेच दोन पर्याय.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, हेही तपासून ठेवा. 2020 मध्ये नियम बदलला. टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. अशा गाडीत बगल फाटली तर लॉक नटाची चावी असली काय आणि नसली काय, टोइंगशिवाय सुटका नाही.

रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा, "टायर बगलेत फाटलाय, लॉक नटची चावी नाही, गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेड पाठवा." नाहीतर एक भला माणूस मोटारसायकलवर पाना घेऊन येईल, नटाकडे बघेल आणि परत जाईल. तासभर तुमचा, तासभर त्याचा. घाटात रेंज येते-जाते, त्यामुळे रेंज मिळाली की आधी लोकेशन पाठवा, तक्रार नंतर. हायवेवरच असाल तर राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन 1033 आहे, आणि जिवाचा प्रश्न असेल तर कुठूनही 112.

एक गोष्ट मात्र करू नका. उतारावर गाडी जॅकवर चढवून, वर त्याच नटावर हातोडा. जॅक सपाट, कडक जमिनीसाठी असतो. ओल्या कडेच्या मातीत तो सरकतो आणि ठोकाठोकीने आणखी सरकतो. नट नेहमी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. आणि या घाटात कुणी स्वतःहून मदतीला थांबलं, तर कामाचे पैसे विचारताना घासाघीस करू नका. पावसात भिजत तुमचं चाक खोलणाऱ्या माणसाचा रेट मॉलमधल्या कार वॉशशी जुळवायचा नसतो.

मग लॉक नट लावायचेच नाहीत?

असं कुठे म्हटलं? गाडी रोज रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर जरूर लावा. फक्त कुलपाचा हिशोब समजून लावा. माझं साधं मत असं की, शहरात कुलूप आणि घाटात साधे नट. आपल्या गाडीच्या मापाचे, त्याच आट्यांचे चार साधे नट किंवा बोल्ट विकत घ्या. माप मॅन्युअलमधून किंवा पार्टवाल्याकडून पक्कं करून घ्या, कारण जवळपास बसणारा नट म्हणजे जवळपास सुटणारं चाक. पावसाळी ट्रिपच्या आदल्या दिवशी लॉक नट काढून हे लावायचे. परत आलो की कुलूप पुन्हा. अर्ध्या तासाचं काम आहे. या निमित्ताने चावी सापडते की नाही, तेही घरच्या घरीच कळतं.

नट लावताना एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळायचे, म्हणजे चाक सारखं बसतं. आवळण्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अनेक गाड्यांना तो 100 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पान्यावर नाचून आवळणं म्हणजे पुढच्या माणसाचा छळ. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत तपासायचे.

चावीचं काय? तिचा फोटो काढा, कोड दिसेल असा, आणि मोबाइलमध्ये गाडीच्या आरसीच्या फोटोशेजारी ठेवा. चावी एका भडक रंगाच्या पिशवीत घालून स्टेपनीपाशी बांधा. गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर "लॉक नट चावी दिली" असं लिहून घ्या आणि गाडी घेताना बिल बघण्याआधी ती मागा. सेकंड हँड गाडी घेत असाल तर टेस्ट ड्राइव्हइतकंच हेही महत्त्वाचं. आधी चावी दाखवा म्हणायचं, मग भावाचं बोलू.

आपल्या पिढीने गाडीतलं सगळं ॲपवर टाकलंय. सर्व्हिसची तारीख मोबाइल सांगतो, टायरची हवा मोबाइल सांगतो, गाडी कुठे पार्क केलीय तेही मोबाइलच सांगतो. हा अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा मात्र कुठल्याच ॲपवर नाही. त्याला नोटिफिकेशन पाठवता येत नाही. त्याची आठवण ठेवायला माणूसच लागतो, आणि तो माणूस गाडीचा हप्ता भरणारा असेल तर उत्तम.

तेव्हा, हा अंक खाली ठेवलात की लिफ्टने बेसमेंटला जा आणि डिकी उघडा. लाडवांचा डबा नंतर.